तोंड मिटून

जेवायला बसलं की नवऱ्याच्या तोंडाचा पट्टा सुरू व्हायचा. भाजी अळणी, भात गिचका, बायको बिनडोक. एकदा भर मीटिंगमध्ये, साहेबांसमोरच, पोटातला गॅस आवाज करून सुटला, तेव्हा कुठे त्याने डॉक्टर गाठला. बायकोही सोबत होती.

“जेवताना बडबड केली की हवा गिळली जाते,” डॉक्टर म्हणाले. “तोंड मिटून, सावकाश चावून खा.”

महिनाभर तो मुकाट जेवला. लग्नानंतर पहिल्यांदाच तिला चार घास गोड लागले.

मग त्याचं पोट ठीक झालं आणि पहिल्याच घासाला तो डाफरला, “जनावरंही तोंड लावणार नाहीत याला! उद्या जेवणानंतर साहेबांसोबत मीटिंग आहे, डब्यात काहीतरी धड दे!”



“देते हं,” म्हणत तिने पातेलंभर पावटे भिजत घातले.