तानेतला श्वास

तान वर चढता चढता शर्वरी मधेच थबकली, घाईने श्वास घेतला आणि पुन्हा सुरात मिसळली. सभागृहातून वाहवा उठली. ते थबकणंच तर आता तिची खासियत म्हणून नावाजलं जात होतं.

मैफल संपल्यावर कालिंदी आत भेटायला आली. दोघी एकाच गुरुजींकडे शिकलेल्या. पण दम्यापायी कालिंदीचं गाणं कधीच सुटलं होतं.

"काय गायलीस गं! पण त्या जागेवर दम लागतो ना तुला? मलाही नेमका तिथेच लागायचा."

शर्वरीचा हात नकळत कानामागच्या चिपकडे गेला. कालिंदी मेंदूच्या तपासणीसाठी झोपलेली असताना, तंत्रज्ञाला फितवून, शर्वरीने तिच्या मेंदूतला सगळा रियाज या चिपवर उतरवून घेतला होता. गाण्याबरोबर धापही आली होती.

"हो... हवा बदलली की होतं," ती कशीबशी म्हणाली.

कालिंदीने पर्समधून आपला दम्याचा पंप काढून तिच्या हातात ठेवला. "घे, ओढ बघू. आणि राहू दे तुझ्याकडेच. तुला गायचंय, मला काय, घरीच बसायचंय."

कालिंदी समोरून हलेना. शर्वरीने मान खाली घातली, पंप तोंडाला लावला आणि आपल्या ठणठणीत छातीत कालिंदीचं औषधही ओढून घेतलं.