सांबर नसलेली घळ

ताज्या लेंड्या दिसल्या आणि श्यामकांत गुप्त्यांचा चेहरा उतरला. जरा पुढे शिंगं घासून एका झाडाची साल सोलली होती. त्याच्याही पुढे चिखलात जनावर लोळल्याची खूण होती आणि तिथलं पाणी अजून गढूळ होतं. दुसरा एखादा शिकारी इथे आनंदाने नाचला असता. गुप्त्यांनी हॅट काढून घाम पुसला.

"ही जागा नको," ते म्हणाले.

"आता ही बी नको?" आण्णांनी विचारलं. आण्णा म्हणजे सोनिवली गावचे पुढारी. गेले कित्येक रविवार ते साहेबांना बदलापूरच्या आसपासचं रान दाखवत हिंडत होते. चिखलोलीवरची टेकडी बाद झाली, कारण तिथे खुरांचे ठसे होते. नदीकडचा उतार बाद झाला, कारण तिथे सांबर ओरडलेलं ऐकू आलं. शिकारीच्या इंग्रजी पुस्तकात चांगल्या जागेच्या जेवढ्या खुणा दिल्या होत्या, तेवढ्या गुप्त्यांना तोंडपाठ होत्या. त्यातली एकही नसलेली जागा त्यांना हवी होती.

कारण गुप्त्यांनी उभ्या जन्मात ढेकणांखेरीज काही मारलं नव्हतं. अंबरनाथच्या त्यांच्या बंगल्यात सांबराचं जे मुंडकं लटकत होतं, ते उल्हासनगरच्या एका सिंधी दुकानदाराकडचं. लष्कर गेल्यावर कॅम्पात मागे राहिलेलं सामान तो विकायचा. गुप्त्यांच्या पत्नी पद्मजाबाईंनी ते चादरीत गुंडाळून, मांडीवर घेऊन टांग्यातून घरी आणलं. तेव्हापासून नोकरीला होते त्या कारखान्यात हे 'शिकारी गुप्ते' झाले. शिकारीची गोष्टही दर वर्षी वाढत गेली. सुरुवातीला सांबर लांब होतं, मग जवळ आलं, आणि हल्ली तर ते थेट अंगावर धावून येत असे.

अशात कारखान्याला नवे मोठे साहेब आले, दिनानाथ रेगे. यांच्या दिवाणखान्यात म्हणे अख्ख्या वाघाचं कातडं अंथरलेलं होतं. मुंडकं पाहताच ते म्हणाले, "गुप्ते, आपण दोघांनी जायचंच. जागा मात्र तुम्ही हुडकायची." गुप्त्यांची बढती याच माणसाच्या हातात. नाही कसं म्हणणार? जनावर समोर आलं तर नेम चुकणार, नेम चुकला की मुंडक्याचं बिंग फुटणार, बढती जाणार आणि सगळं अंबरनाथ हसणार. जनावरच आलं नाही, तर दोष रानाचा.

अखेर एक घळ सापडली. कोरडी, खडकाळ, गवताची काडी नाही.

"हितं शेळी बी येत नाय, सायेब," आण्णा म्हणाले.

गुप्त्यांनी त्यांना मिठी मारायचंच काय ते बाकी ठेवलं. "हीच जागा! मचाण इथेच बांधा."

आण्णा विचारात पडले. गावातली तरणी पोरं नोकरीसाठी कारखान्याच्या फाटकावर खेटे घालून दमली होती. मोठा साहेब हात हलवत परत गेला, तर ते फाटक काही उघडायचं नाही, हे त्यांना स्वच्छ दिसत होतं. रविवारी सकाळी त्यांनी सगळ्या गावाला गोळा केलं.

"सायबानं जागा वंगाल निवडली," ते म्हणाले. "जागंवर जनावर नाय, त जनावराला जागंवर न्यायचा."

झालं! ढोल, थाळ्या, रॉकेलचे डबे, मिळेल ते बडवत सोनिवली चहूकडच्या रानात पसरली.

मचाणावर गुप्ते मोठ्या खुशीत होते. आपली गोष्ट सांगत त्यांनी सांबराला पार अंगावर आणून ठेवलं होतं. लांबून ढोल ऐकू आला, तेव्हा ते म्हणाले, "कुणाची तरी हळद असेल, सर." थोड्या वेळाने खडक खडखडले आणि घळीत सांबर आलं. नर होता. एवढी मोठी शिंगं गुप्त्यांनी दुकानातसुद्धा पाहिली नव्हती. धापा टाकत तो बरोबर मचाणापुढे उभा राहिला.

"सर, पहिला बार तुमचा," गुप्ते कसेबसे म्हणाले.

"छे, छे! जागा तुमची, मान तुमचा."

"असं कसं? तुम्ही पाहुणे."

"अहो, मी आग्रह करतोय ना!"

"तुमच्या आधी मी? शोभतं का सर ते?"

पंगतीत शेवटची जिलबी ताटात राहते ती अशीच. सांबराचा दम तेवढ्यात खाऊन झाला आणि ते सावकाश पलीकडच्या चढाला लागलं. गुप्त्यांनी साहेबांकडे नीट पाहिलं. रेग्यांनी बंदूक छत्रीसारखी काखेत मारली होती आणि त्यांच्या कपाळावरून घाम निथळत होता. गुप्त्यांना त्या क्षणी या माणसाबद्दल भावासारखं प्रेम वाटलं.

इतक्यात आण्णा आणि हाका घालणारी पोरं येऊन पोहोचली. काट्यांनी सगळ्यांचे हातपाय ओरबाडले होते.

"सायेब, बार नाय झाला?"

रेग्यांनी घसा साफ केला. "मादी होती. गाभण. तसल्या जनावरावर आम्ही गोळी झाडत नसतो."

"कधीच नाही," गुप्ते म्हणाले.

पोरं एकमेकांकडे बघायला लागली. सबंध डोंगर त्यांनी त्या जनावराच्या मागे धावून काढला होता. एकाने बोलायला तोंड उघडलं, तेवढ्यात आण्णांनी त्याच्या पायावर पाय दिला आणि साहेबांना हात जोडले.

"खरा हाय, सायेब. पोटुशीच व्हती. शिंगांच्या भारान चालवत नव्हता बिचारीला."