हडप्पाचं घर

सुजाताच्या लेकीने, श्रियाने, शाळेसाठी हडप्पाकाळातलं मातीचं घर केलं होतं. अंगण, विहीर, मोरी, गल्लीकडे उघडणारं दार.

“आई, डोन्ट टच इट,” असं बजावून ती कॅम्पला गेली. नवरा दिवसभर वेलिंग्टनला ऑफिसात. न्यूझीलंडमधल्या अप्पर हट गावातल्या घरात सुजाता एकटीच.

सोमवारी मातीची मोरी ओली दिसली. मंगळवारी अंगणात चिमूटभर पीठ सांडलं होतं.

इथे आल्यापासून आठ महिन्यांत सुजाताला कुणी घरी बोलावलं नव्हतं. पुण्याला बोलायचं फोनकार्डही संपलं होतं.

बुधवारी दुपारी त्या इवल्या उंबऱ्यावर वाटाण्याएवढा तांब्या होता, पाण्याने भरलेला. श्रियाने तांब्या केलाच नव्हता.

“अहो, कशाला उगाच त्रास घेतलात!” सुजाता सवयीने म्हणाली.

आत चटई अंथरल्याचा आवाज आला.

सुजाताने चपला काढल्या.