रबरी पाठ

खरं सांगायचं तर रजिस्टरमध्ये ही नोंद तो करणारच नव्हता. परीक्षेची खोली सांभाळणाऱ्याने सरावाची रबरी पाठ पुसावी, सुया मांडाव्यात आणि गप्प बसावं. पण सकाळपासून सहा शिकाऊ डॉक्टर आले, आणि पाठीतलं पाणी काढायची सुई सहाही जणांनी पहिल्याच झटक्यात बरोबर घातली. सहाही! त्याला हे पचेना.

परीक्षक मॅडम चहाला गेल्या तेव्हा त्याने दिवा जवळ ओढला. रबराच्या कातडीला एक बारीक भोक होतं, सरावाने झिजलेलं. म्हणजे मण्यांमधली फट कुणी बोटाने चाचपलीच नव्हती. भोक दिसलं की सुई आत.

त्याने कपाटातून कोरी कातडी काढून चढवली. मग यादी बघितली. सातवा त्याचाच जिगरी दोस्त. आज पास झाला की सोमवारपासून तो वॉर्डात एकटा, खऱ्या पाठीत सुई घालणार.

तरी कोरी कातडी त्याने तशीच ठेवली.

दोस्त शीळ घालत आला आणि पाठ बघून थबकला. "नवीन? आजच सुचलं तुला?"

"गप्पा नंतर," चहाहून परतलेल्या मॅडम म्हणाल्या. "करा सुरू."

सुई तीनदा हाडावर आपटली. मॅडमनी फुली मारली.

तेव्हा खोली सांभाळणाऱ्याने रजिस्टरमध्ये लिहिलं: जुन्या कातडीला भोक होतं. आधीच्या सहा जणांची परीक्षा पुन्हा घ्यावी.

मॅडमनी चष्म्यावरून बघितलं. "दोस्त नापास झाल्यावरच दिसलं का हो भोक?"

त्याने जुनी कातडी दिव्यासमोर धरली. उजेडाचा ठिपका मॅडमच्या कागदावर पडला. त्यांनी पेन उचललं आणि सहाही नावांपुढे 'पुन्हा' असं लिहिलं.

बाहेर दोस्त भिंतीला टेकून उभा होता. "सहा सुटले आणि मलाच धरलंस. काय वैर रे माझ्याशी?"

"त्यांनाही परत बोलावतायत. तू सांग, फट कळत होती बोटाला?"

दोस्ताने मान हलवली. "नाही रे."

"मग उद्यापासून रोज संध्याकाळी सहाला ये. शर्ट काढून, गुडघे पोटाशी घेऊन मी कुशीवर पडतो. हाडामांसाची पाठ चाचपायला शीक. जमेपर्यंत एक दिवस चुकवणार नाही, शब्द देतो. सुई तेवढी घरी ठेवून ये."