कप्तानांच्या नावानं

‘रविवारी आम्ही दोघं येतोय. जहाज बघायला, आणि कप्तानांना भेटायला.’

फोनवर ‘दाढी’चा निरोप वाचला आणि तिच्या हातातली डोलकाठी टेबलावर पडली. आता आली का पंचाईत! ती खिडकीपाशी गेली, परत आली, खुर्चीत बसली, लगेच उठली. कप्तान म्हणजे तिचा नवरा. आणि तो जाऊन हिवाळा उलटला होता.

लाकडाची छोटी शिडाची जहाजं बनवणाऱ्या हौशी माणसांचा फोनवर एक ग्रुप होता. गावोगावची माणसं. कुणी कुणाला प्रत्यक्ष पाहिलेलं नाही, हाका टोपणनावांनीच, पण एकमेकांच्या जहाजाची फळीन् फळी पाठ. दाढी नावाचा गृहस्थ तो ग्रुप चालवायचा. पण शब्द चालायचा कप्तानांचा. कुणाची पट्टी तडकली, कुणाचे दोर ढिले पडले, की कप्तान दोन ओळींत निकाल लावून मोकळे. जन्मभर नकाशे काढलेला माणूस, रेघ इकडची तिकडे खपायची नाही. घरातही तोच खाक्या.

मग एका दुपारी ‘जरा पडतो’ म्हणून आत गेले, ते उठलेच नाहीत. टेबलावर जहाज अर्धवट राहिलं. एका बाजूला पट्ट्या जडवलेल्या, दुसरी बाजू सताड उघडी. सगळ्या बरगड्या दिसायच्या. ती इतकी वर्षं ऑपरेशन थिएटरात नर्स होती. उघडं टाकलेलं तिला बघवायचं नाही. खोलीत गेलं की जीव कासावीस व्हायचा, नाही गेलं तरी चैन पडायची नाही.

शेवटी ग्रुपला कळवावं म्हणून तिनं त्यांचा फोन उघडला. ‘हे गेले’ एवढं लिहिलंही. तेवढ्यात कुणाचा तरी निरोप आला : ‘कप्तान, आहात ना?’ ती त्या ओळीकडे बघत राहिली. मग लिहिलेलं पुसलं आणि लिहिलं : ‘आहे. पट्टी वाकवताना तडकते. काय करावं?’

बराच वेळ कुणी काही बोललं नाही. आणि मग उत्तरांची रीघ लागली. पट्टी गरम पाण्यात किती भिजवायची, कपडे वाळत घालायच्या चिमट्यांनी कशी धरून ठेवायची, गोंद किती लावायचा, जास्त झाला तर कशानं पुसायचा. अगदी अ आ इ ई पासून. एवढ्या मोठ्या माणसाला ही मंडळी पट्टीची सुलटी बाजू ओळखायला शिकवतात, याचं तिला नवल वाटे. आदरापोटी सांगत असतील, असं म्हणून तिनं सोडून दिलं.

पट्ट्या बसत गेल्या. दोरांच्या गाठी तर तिला फारच छान जमल्या. टाके घालायचा चिमटा तिच्या हाताला सरावाचा होता. त्रास व्हायचा तो लिहिताना. ‘करते’ लिहिणारं बोट दर वेळी ‘करतो’कडे ओढून न्यावं लागायचं. एकदा चुकून ‘बघते’ गेलंच. तिनं झटकन पुसलं आणि गॅलरीत येरझाऱ्या घातल्या.

“आई, काय चालवलंयस हे?” मुलगी फोनवर वैतागली. “येताहेत ना ते? मग आता तरी सांगून टाक.”

“सांगितलं की संपलं गं. अजून तिथं त्यांना कुणीतरी हाक मारतंय.”



रविवारी सकाळपासून तिनं घराची तीनदा आवराआवर केली. त्यांच्या चपला काढून दाराशी ठेवल्या. ‘हे जरा परगावी गेलेत’ हे वाक्य आरशासमोर म्हणून पाहिलं. पहिल्यांदा घाईचं झालं, दुसऱ्यांदा रडवेलं. चपला उचलून आत ठेवल्या, मग परत दाराशी आणून ठेवल्या. तेवढ्यात बेल वाजली.

दाढीला दाढी नव्हतीच. बुटका, तुळतुळीत चेहऱ्याचा म्हातारा. बरोबर एक बाई होत्या. दातांच्या डॉक्टर, ग्रुपमध्ये त्यांना सगळे दातवाली म्हणायचे. दाराशी ठेवलेल्या चपला दाढीनं पाहिल्या, आणि आपल्या काढून त्यांच्यापासून जरा लांब ठेवल्या.

“या ना. हे जरा…” ती म्हणाली.

दाढीनं वाक्य संपायची वाटही पाहिली नाही. तो सरळ टेबलापाशी गेला आणि हात मागं बांधून जहाजावर वाकला. या बाजूनं पाहिलं, वळसा घालून त्या बाजूनं पाहिलं.

“वहिनी, या बाजूच्या पट्ट्या त्यांच्या,” तो म्हणाला, “आणि या बाजूच्या तुमच्या. तुमच्या थोड्या जास्त घट्ट बसल्यात.”

ती खुर्ची ओढून बसली.

“म्हणजे तुम्हाला ठाऊक होतं?”

“सगळ्यांना.”

“‘बघते’ लिहिलं गेलं, तेव्हा कळलं ना? मी लगेच पुसलं होतं हो.”

“त्याच्या खूप आधी.” दातवालीबाई तिच्याजवळ बसल्या आणि तिचा हात त्यांनी हातात घेतला. “तुम्ही सांगाल तेव्हा सांगाल, असं ठरवलं होतं आम्ही.”

“पण माझं चुकलं कुठं?”

दाढीनं चष्मा काढला आणि सदऱ्याच्या टोकानं पुसत राहिला.

“चुकलं काहीच नाही. पण कप्तानांनी इतक्या वर्षांत आम्हाला एकदाही काही विचारलं नव्हतं, वहिनी. ‘काय करावं?’ हा प्रश्न आला, आणि जो तो आपापल्या घरात उठून उभा राहिला.”