पहिल्या जाहिरातीआधी

वाहिनीने मालिका बंद केली हे आईला कळू द्यायचं नाही, असं ठरवूनच इंद्रजित मुंबईहून निरवांगीला आला. गुन्हेगारी मालिकेचे चारशे भाग त्याने लिहिले होते. त्याचा खुनी शेवटच्या पाच मिनिटांपर्यंत कुणाला ओळखू येत नाही, अशी त्याची ख्याती होती.

दुपारी जेवण झाल्यावर मायलेक मालिकेचा एक जुना भाग बघत बसले. पडद्यावर जावयाने सासऱ्याच्या अंगावर शाल पांघरली.

"ह्योच मारनार म्हाताऱ्याला," कुशाबाई म्हणाल्या.

"अजून पहिली जाहिरातसुद्धा झाली नाही. हा भाग तू आधी पाहिला असशील."

"न्हाय. तवा लाईट नव्हती. पर तुजा खुनी मी दर टायमाला वळखते."

"कसा?"

"शाळा बुडवून आलास की तू दारातनंच इचारायचास, आई, पाय दाबू का. पोटात काय लपवलं आसलं की तुला समोरच्याची लई काळजी लागती. तुजं खुनी बी तसलंच."

इंद्रजित हसला. इतक्या वर्षांत एकाही दिग्दर्शकाच्या हे लक्षात आलं नव्हतं.

कुशाबाईंनी टीव्हीचा आवाज कमी केला.

"सकाळधरनं तीनदा इचारलंस, बीपीची गोळी घेतलीस का म्हणून. मालिका बंद झाली व्हय रं?"

त्याने मान डोलावली.

"आसू दे. पुढच्या मालिकेत खुनी जरा उर्मट ठिव."