वाफा सात

मातीचा शेवटचा नमुना पिशवीत भरून मी त्यावर ‘वाफा सात’ लिहिलं, तोवर हौसाबाईंनी नेहमीप्रमाणे पालकाची जुडी बांधलीही होती. कारखान्यांच्या सांडपाण्याच्या नाल्याकाठी त्यांचा मळा आहे. माती आणि भाजीतल्या धातूंच्या अभ्यासासाठी मी तीन वर्षं तिथे जाते आणि दर वेळी निघताना एक जुडी हातात पडते. नको म्हणायचं जिवावर येतं. मग पुलापलीकडच्या कचराकुंडीत मी ती टाकून देते.

झोपडीच्या दारात त्यांची बाळंतीण सून लेकराला पाजत बसली होती.

“रगत कमी हाय म्हणून हिला रोज पालक खाऊ घालते,” हौसाबाई म्हणाल्या. “आधी नाल्याच्या पाण्याची शंका यायची. पण म्हटलं, विद्यापीठाच्या मॅडम माती तपासतात आन् भाजी घरी नेतात, मग आपण भ्यायचं कशाला? गिऱ्हाइकांनाबी तेच सांगते.”

त्यांनी जुडी पुढे केली. माझा हात पुढे होईना.

“या भाजीत शिसं आहे, हौसाबाई. विषच. मला पहिल्याच वर्षी कळलं होतं. शोधनिबंध छापून येईपर्यंत बोलायचं नाही, असं आमचं ठरलं होतं.”

त्या हातातल्या जुडीकडे बघत राहिल्या. “मग तुमी नेत का होता?”

सुनेनं बाळाचं तोंड छातीपासून हळूच सोडवलं.